गेटासमोरचा वीर

माझा भाऊ मेल्यावर एका माणसाने त्याला चोर ठरवलं, आणि त्या माणसाला मी सोडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला मी सोशिक, समजूतदार बाई वगैरे वाटायला नको. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. मुलांकडून क्षमेवर निबंधही लिहून घेतले, कारण ते करावं लागतं. मुलं फार छान लिहायची. मला मात्र त्यातलं एक अक्षर कधी पटलं नाही.

आमचा पाडा सातिवलीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी. माझ्या लहानपणी पाड्याखाली भाताची खाचरं होती आणि त्यांच्यापुढे करवंदांच्या जाळ्या. मी डी.एड. करून परत आले तोवर जाळ्या जाऊन पत्र्याचे गाळे उभे राहिले होते. कुठे प्लास्टिकच्या बादल्या, कुठे कुलपं, कुठे पुठ्ठ्याची खोकी. पाड्यावरची पोरं लावणी सोडून गाळ्यांत जायला लागली. माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, तो डब्यांची झाकणं करणाऱ्या एका गाळ्यात पावर प्रेसवर लागला. डाय, म्हणजे साचा, लावायची, पत्र्याची पट्टी सरकवायची, पायाने पायडल दाबायचं, की धाडकन झाकण खाली. एखादं वाकडं निघालं तर शेठ म्हणायचा, घेऊन जा घरी. त्यामुळे आमच्या घरात डबा एक आणि झाकणं वीस-पंचवीस. आई त्यांत मीठ ठेवायची, कोंबड्यांना पाणी ठेवायची, एक तर तिने दाराला पाचर म्हणून लावलं होतं.

हजेरीच्या वहीत त्याचं नाव नव्हतं. पाड्यावरच्या कुणाचंच नव्हतं. मी त्याला एकदा म्हटलं होतं, अरे, शेठला सांग नाव लिहायला. तर म्हणाला, "ताई, मी रोज समोर असतो की. लिहायला कशाला पायजे?"

गाळ्यांना शुक्रवारी सुट्टी. पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी शेठचा निरोप आला, माल अर्जंट आहे, तू एकटाच ये, दार मी उघडून ठेवतो. हा गेला. वरचे पत्रे गळत होते, जमिनीवर पाणी होतं आणि मशीनमध्ये करंट उतरला होता. शेजारच्या गाळ्याच्या वॉचमनला दुपारी तो दिसला, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

शेठ आला तो पोलिसांना घेऊनच. हा माझा माणूस नाही, म्हणाला. मी याला ओळखत नाही, सुट्टीचा दिवस बघून भंगार चोरायला शिरला असणार. मग पोलीस आमच्या घरी आले आणि मिठाचं झाकण, कोंबड्यांचं झाकण, दाराला लावलेलं झाकण, सगळी गोळा करून घेऊन गेले. कागदावर लिहिलं, चोरीचा माल. त्या कागदावर पंच म्हणून सही कुणी केली? त्या गाळ्याच्याच सुपरवायझरने. आमच्या ओट्यावर बसून बोंबील-भाकरी खाल्लेला मेला, खाली मान घालून सही करून गेला.

मी चौकीवर गेले. मी शिक्षिका आहे, म्हटलं, माझं ऐकून तरी घ्या. साहेब म्हणाले, "बाई, पोरगा गेला, आता उगाच कशाला अब्रू चव्हाट्यावर आणता?" म्हणजे अब्रू आम्हीच घालवत होतो! शाळेत एक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, तुमच्याकडची पोरं करतातच हो असं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला डस्टर मी टेबलावर असा आपटला की खडूची भुकटी त्यांच्या चहात पडली. मी माफी मागितली नाही आणि त्यांनी तो चहा प्यायला नाही.

आईचं निराळं. ती ओरडली नाही, चौकीवर आली नाही. तिने वसईच्या बाजारात भाजी घेऊन जाणं बंद केलं. पाड्यावरच्या एका लग्नात ती आत गेली तर घरच्या बाईने पटकन पेटीला कुलूप लावलं. तिच्या मनात काही नसेलही, पण आईने ते पाहिलं. त्या संध्याकाळी ती मला एवढंच म्हणाली, "बाय, पोर गेला तो गेला. पन त्याला चोर नको म्हनू दे कोनाला." दुसरं काही तिने मागितलं नाही. मी तिथेच मनाशी ठरवलं, त्या शेठच्याच तोंडून वदवून घेईन. चार लोकांत.

आता वीर म्हणजे काय ते सांगायला हवं. शब्द ऐकून लोकांना तलवारबिलवार आठवते, तसं काही नाही. आमच्यात मेलेल्या माणसाची एक लाकडी फळी बसवतात. साग घ्यायचा, चांगला जाड, छातीपर्यंत उंच. वरती सूर्य आणि चंद्र कोरायचे, त्यांच्याखाली घोड्यावर बसलेला माणूस. तो माणूस म्हणजे गेलेला माणूस, त्यालाच वीर म्हणायचं. आमच्यातलं कुणी जन्मात घोड्यावर बसलेलं नाही, माझ्या आजोबांना तर बैलगाडीतही मळमळायचं, पण मेल्यावर घोडा सगळ्यांना मिळतो. घोड्याखाली जागा राहते. तिथे तो जिवंतपणी काय करायचा ते कोरतात. कुणाचा नांगर, कुणाचं जाळं, कुणाची ताडीची मडकी. फळी बसवेपर्यंत मेलेला माणूस इकडेतिकडे फिरत राहतो, अशी आमची समजूत. बसवली की तो बसतो.

आणि त्या फळीवर खोटं कोरत नाहीत. आमच्या पाड्यावर एक म्हातारा होता, आपण मोठे भगत आहोत, आपल्या अंगात देव येतो असं जन्मभर सांगत फिरला. तो गेल्यावर मुलांनी हट्ट धरला, बापाच्या फळीवर भगताची दाणे टाकायची पाटी कोरा. माझ्या मामाने कोंबडी कोरली. का, तर म्हातारा फक्त कोंबड्या पाळायचा. मुलं महिनाभर मामाशी बोलली नाहीत, पण कोंबडी आहे ती आहेच.

हा मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. कामणच्याही आत, डोंगराच्या कुशीत राहायचा. आमच्या सगळ्या पाड्यांचे वीर तोच करायचा आणि तोच बसवायचा. भाऊ गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेले. त्याने विचारलं, "काय करायचा तुझा भाव?"

मी म्हटलं, पावर प्रेस चालवायचा.

"ती कशी असते?"

मी वहीच्या कागदावर काढून दाखवली. माझी चित्रकला दिव्यच. आठ दिवसांनी गेले तर मामाने एका ढलपीवर नमुना कोरून ठेवला होता. बघितला आणि मी कपाळावर हात मारला. "मामा, ही हापशी झाली! लोक म्हणतील पाणी भरता भरता गेला!"

मामाला राग आला. म्हणाला, "मंग दाखव मला खरी."

त्या गाळ्यात तर जाता येत नव्हतं. पण शेजारी कुलपांच्या गाळ्यात तसलीच प्रेस होती आणि रस्त्याच्या बाजूला खिडकी होती. मामा सकाळी त्या खिडकीखाली उकिडवा बसला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत. विड्या ओढत नुसता बघत होता. मध्ये एकदाच त्याने मला विचारलं, "ह्यात मानसाचा पाय कुठं असतो?" मी पायडल दाखवलं. त्यानंतर त्याने जी प्रेस कोरली, तशी मी कुठल्या पुस्तकातही पाहिली नाही. वरचं मोठं चाक, पट्टा, पायडलवर ठेवलेला पाय, आणि खाली एका रांगेत गोल गोल झाकणं. मी त्या झाकणांवरून बोट फिरवलं आणि मला रडू आलं. नंतर डोळे पुसले आणि डोक्यात आलं की हे शेठने रोज बघितलं पाहिजे.

आमचे वीर पाड्याच्या वरच्या अंगाला असतात, चिंचेखाली, एका ओळीत. आजोबा, आजी, माझे वडील. आईने वडिलांच्या शेजारची जागा झाडूनही ठेवली होती. मी मामाला म्हटलं, मामा, तिथे नाही. गाळ्याच्या गेटासमोर बसवायचा.

रस्ता आणि गेट यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी होती. आमच्या पाड्याची जुनी पायवाट तिथून जायची, ती जागा शेठची नव्हती. मी आधीच बघून ठेवली होती. गेट अडणार नाही, पण टेम्पो वळवताना दोनदा मागेपुढे करावा लागेल आणि शेठची गाडी वीराच्या अगदी जवळूनच आत जाईल, अशी जागा.

मामाने विडी विझवली. मग म्हणाला, "बाय, जिथं बसवशील तिथं तो ऱ्हानार. मंग तो उठायचा नाय. तुझ्या आयसला ठावं हाये का?"

मी म्हटलं, आईला मी सांगते.

"मी खोटं बोलनार नाय. तिनं इचारलं तर खरं सांगेन."

आईला मी काय सांगितलं ते लिहिताना अजून हात जड होतो. मी सांगितलं, थोडे दिवस गेटासमोर बसवू, शेठने कबूल केलं की घरी आणू. आई म्हणाली, "हालवत नायत ना गो वीर?" मी म्हटलं, मामाला विचारलंय, हलवता येतो. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू शिकलेली हायेस. तुला म्हायती." आणि तिने मामाला विचारलं नाही. मी सांगितलंय म्हटल्यावर ती कशाला विचारेल?

वैशाखात एका शुक्रवारी सकाळी आम्ही वीर बसवला. गाळे बंद, रस्ता मोकळा. मामाने खड्डा खणला, तांदूळ सोडले, शेंदूर लावला, गाणं म्हटलं. पाड्यावरची चाळीसेक माणसं होती. आईने हळद लावली आणि घोड्यावरच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. मी गेटाकडे बघत होते.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, शनिवारी सकाळीच मी समोरच्या शिरीषाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. शेठची गाडी आली. थांबली. शेठ उतरला. सूर्य-चंद्र बघितले, घोडा बघितला, मग खाली वाकून बघितलं आणि ताडकन सरळ झाला. त्याचं तोंड मला लांबूनही दिसलं. देवाशप्पथ सांगते, त्या दिवशी मला पावणेदोन वर्षांनी पोटभर जेवण गेलं.

"ये किसने लगाया? निकालो इसको!" शेठ ओरडला. कोण काढणार? त्याच्या गाळ्यातली निम्मी पोरं आमच्या पाड्यांवरची. ती एकेक करत आली, चपला काढल्या, वीराला हात लावला आणि मोठ्याने विचारलं, "काय रं, आज कोनती डाय लावलीस?" दुसरा म्हणाला, "लवकर आलास आज! शेठला सांग, हजेरी लिव म्हनावं." शेठच्या समोर! आणि रोज! मी त्यांना शिकवलं नव्हतं हो, त्यांचं त्यांनाच सुचलं होतं.

शेठने बाहेरून मजूर आणले. त्यांनी शेंदूर बघितला, हात जोडले आणि टपरीवर चहा प्यायला गेले. मग जेसीबी आणला. जेसीबीवाल्याने यंत्र बंद केलं, खाली उतरला, समोरच्या दुकानातून लिंबू आणलं, वीरापुढे ठेवलं आणि जेसीबी मागच्या मागे घेऊन गेला. मी शिरीषाखाली एकटीच हसले. शेठने पोलिसांत तक्रार केली तेव्हा जो हवालदार आला तो जागा बघण्याआधी पाया पडला आणि मग म्हणाला, "शेठ, रस्त्याची जागा दिसतेय, आपण काय करू शकत नाही."

दोन महिन्यांत लोक त्या जागेला 'प्रेसवाला' म्हणू लागले. रिक्षात बसायचं आणि सांगायचं, प्रेसवाल्यापाशी सोड. माल न्यायला बाहेरगावचे लोक यायचे त्यांना पत्ता तसाच मिळायचा. ते शेठला विचारायचे, ये भगवान के ऊपर आपकी मशीन कैसे? शेठ काय सांगणार, कपाळ? आत भावाची प्रेस होती तिच्यावर बसायला कुणी तयार होईना. शेठने कुणाला सांगितलं की पोरं म्हणायची, ती त्याची मशीन हाये, भायेर उभा हाये, त्याला इचारा. प्रेसवर धूळ चढली.

आणि मी रोज जात होते. शाळेच्या आधी दहा मिनिटं शिरीषाखाली, छत्री घेऊन, डबा घेऊन, कधी तपासायच्या वह्या घेऊन. शेठची गाडी यायची, त्याला मी दिसायचे. काही बोलायचे नाही, नुसती बघायचे. श्रावणापासून तो गाडीची काच वर करायला लागला. भाद्रपदात त्याने गाडीतूनच वीराला हात जोडलेले मी पाहिले. घाबरला होता. पाचावर धारण बसली होती त्याची. मला वाटलं, हात जोडून सुटतोस होय? तोंड उघड.

ते दसऱ्याला उघडलं.

दसऱ्याला गाळ्यांत मशीनची पूजा असते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, शेठचं सगळं घर येतं. मी सकाळीच जाऊन उभी राहिले. पोरांनी आतल्या सगळ्या मशीनना माळा घातल्या आणि भावाच्या प्रेसची माळ बाहेर आणून वीराला घातली. तेवढ्यात शेठची गाडी आली. आज त्याची म्हातारी आई सोबत होती. पांढरी साडी, हातात काठी. ती उतरली आणि माळ बघून वीरापाशीच थांबली. शेठ म्हणाला, "माँ, अंदर चलो." ती हलेना. तिने पोरांना विचारलं, हे कोण?

आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "आमचा प्रेसवाला. इथंच गेला, आत, शुक्रवारी."

म्हातारी लेकाकडे वळली. "अपना आदमी था?"

शेठ गाडीच्या किल्ल्या चाळवत राहिला. मी रस्ता ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या इतक्या जवळ उभी होते की त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"सांगा ना," मी म्हटलं. "आई विचारतायत."

"हां," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "अपना था."

"ऐकू नाही आलं."

"मॅडम, माँ के सामने..."

"त्यांच्यासमोरच. मोठ्याने. शुक्रवारी कुणी बोलावलं होतं?"

"मैंने बुलाया था."

"चोर होता?"

"नहीं."

"मराठीत सांगा. सगळ्यांना कळू दे."

"चोर नव्हता," तो म्हणाला. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदाही लावलं, वर्गात पाढा म्हणून घेते तसं. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फुटला आणि म्हातारीने पदराने तोंड झाकलं. मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. तिला तिच्या लेकाची लाज वाटली पाहिजे, असंच मला वाटत होतं, आणि ती वाटलेली मी डोळ्यांनी पाहिली. मी सुपरवायझरलाही शोधलं, तो संडासात जाऊन लपला होता. त्याला मात्र बाहेर काढायचं राहून गेलं, त्याची चुटपुट आहे.

घरी आले ती धावतच. पाड्यावर बातमी माझ्याआधी पोचली होती. लग्नात पेटीला कुलूप लावणारी बाई आमच्या ओट्यावर बसून आईला आपट्याची पानं देत होती. आईचा चेहरा इतका निवांत झाला होता की मला वाटलं, सगळं संपलं, जिंकलो. मी तिच्या गळ्यात पडले.

आई माझी पाठ थोपटत म्हणाली, "बरं झालं. आता त्याला घरी आन."

मी तिच्या गळ्यातले हात काढून घेतले.

"उद्याच आनू. मामाला निरोप धाड. बापाच्या बाजूची जागा मी झाडून ठेवते."

तेव्हा मला सांगावं लागलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, ते शब्द आता आठवत नाहीत. आई ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटी चालत कामणला मामाकडे गेली आणि तिने पहिल्यांदा त्याला विचारलं. मामाने खरं सांगितलं. म्हणाला, "उपटला तर लाकूड येल. तो येनार नाय."

परत आल्यावर आई ओट्यावर बसली. पाणी दिलं ते घेतलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन वरसं तो त्या गेटात जात व्हता. सुट्टीला पन गेला. आता मेल्यावर तू त्याला तिथंच कामाला लावलास."

मी पुष्कळ समजावलं. म्हटलं, आई, त्याचं नाव साफ झालं ना, तूच म्हणाली होतीस. ती म्हणाली, "व्हय, मीच." ती मला कधी टाकून बोलली नाही, माझ्या हातचं खात राहिली, माझ्या लग्नात नाचली. पण त्या दिवसापासून ती मला पुन्हा कधी 'तुला म्हायती' असं म्हणाली नाही.

वर्षं गेली. शेठने गाळा विकला आणि तो कुठे गेला कुणास ठाऊक. झाकणांच्या जागी गोडाऊन झालं, मग शेजारचे गाळे पाडून ते आणखी मोठं झालं. नवीन मालकाला प्रेस काय आणि वीर काय, काही माहिती नाही. देव आहे म्हणून त्याने पट्टीला कडेने सिमेंट केलं, एवढं बरं. ट्रक लागतात. ड्रायव्हर तिथे पान थुंकतात, मी दिसले की मी त्यांची आईबहीण काढते आणि ते पळतात. आई दर शुक्रवारी तिथे जाऊन बसायची. बाकीच्या दिवशी त्याचं काम असतं, म्हणायची. हे ती चेष्टेत म्हणायची की खरंच, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

ती आजारी पडली तेव्हा मी पाड्यावरच राहायला आले. एका सकाळी पेज भरवत होते. तिने चमचा बाजूला सारला.

"मला चिंचेखाली नको बसवू," ती म्हणाली. "तिथं पुष्कळ हायेत. मला त्याच्यापाशी बसव. एकटा हाये तो."

"आई, तो गोडाऊनचा गेट आहे. दिवसभर ट्रक, धूळ. लोक थुंकतात."

"म्हायती हाये मला."

"बाबांच्या शेजारी जागा आहे ना."

"बाय," आई म्हणाली, "जागा तूच निवडलीस ना."

ती गेल्यावर पुढच्या वैशाखात मी तिला तिथे बसवली. शेठ कधीच मोकळा झाला होता. माझी दोन माणसं अजून त्याच्या गेटावर आहेत.